संगणकाला मी कौल म्हणालो

माझं पित्ताशय दुर्बिणीनं काढलं तेव्हा कंपनीचा विमा होता. पोटावर तीन-चार बारकी भोकं, आणि थोड्याच दिवसांत मी पुन्हा वाळूजला ड्यूटीवर. थोरला भाऊ भेटायला आला होता. माझा शर्ट वर करून त्यानं पट्ट्या बघितल्या, मेंढीचा खूर बघावा तशा वाकून, आणि म्हणाला, "एवढंच? मंग माझा बी गोळा असाच काढ की, बारक्या."

गोळा म्हणजे जांघेतला हर्निया. चालताना खाली उतरायचा. दादा तो हातानं दाबून आत बसवायचा आणि पुन्हा मेंढरांमागं निघायचा. आमचं गाव खुलताबादच्या वर. दिवाळीनंतर तो कळप घेऊन गंगापूरकडं उतरतो, तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. चालता आलं नाही तर त्याला दुसरं काम येत नाही आणि करायचंही नाही.

मी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, दादाचं दुर्बिणीनंच करू, माझ्याकडं लागलं ते.

खाजगीतला खर्च ऐकल्यावर मात्र मी तो विषय काढेनासा झालो. मला झेपलाच नसता असं नाही. फ्लॅटचे हप्ते चालू होते आणि मला ओढाताण नको होती, एवढंच खरं आहे. मग एका रविवारी मोबाईल घेऊन बसलो. कुठल्या शहरात कसली क्लिनिकल ट्रायल चालू आहे ते सरकारी वेबसाइटवर असतं, आणि त्यात उपचार फुकट होतात, असं कंपनीत कुणीतरी म्हणालं होतं. सगळं इंग्रजीत. हर्निया आणि लॅप्रोस्कोपी टाकलं की पुणं, मुंबई, दिल्ली. कुठं दादाचं वय बसेना, कुठं दोन्ही बाजूंचा हर्निया पाहिजे. एक अगदी जुळली, तर तिची भरती संपलेली. शेवटी आपल्याच शहरातली एक सापडली. ऑपरेशन, आत बसवायची जाळी, तपासण्या, सगळं ट्रायलकडून. मी फोन लावला तेव्हा आवाजात जरा ऐट होती माझ्या.

ट्रायलचं काम बघणाऱ्या मॅडम तरुण होत्या आणि घाई न करणाऱ्या. डॉक्टरांनी दादाला तपासून चालेल म्हटल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि नीट सांगितलं. दोन पद्धती आहेत, एक दुर्बिणीची, एक चिरा देऊन जाळी बसवायची. दोन्ही चांगल्या आहेत, आपल्याकडच्या कष्टकरी माणसांना पुढं जाऊन कोणती सोसते ते बघायचंय. कुणाला कोणती मिळेल ते संगणक ठरवेल. डॉक्टर नाही, तुम्ही नाही, मी नाही. आणि तुम्हाला कधीही नाही म्हणता येईल, कारणसुद्धा द्यावं लागणार नाही. नाही म्हणालात तरी इथले उपचार बंद होत नाहीत.

दादा मान हलवत राहिला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यानं विचारलं, "दुर्बिणीचंच करणार ना?"

इथं मला खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण घरात मी शब्द देऊन बसलो होतो, आणि तो मागं फिरला तर खर्च माझ्यावर येणार होता. मी म्हणालो, "दादा, आपण देवाला कौल लावतो ना? तसंच हाय हे. डावं-उजवं त्यो सांगल."

आमच्यात कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि आधी कोणतं गळतं ते बघायचं. लग्न असो, कळप कुठल्या वाटेनं न्यायचा ते असो. कौल झाला की त्यावर कुणी बोलत नाही.

"देवाचाच म्हणायचा का?" दादानं विचारलं.

"तसाच की," मी म्हणालो.

त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, आत जाऊन बसला आणि सही केली. मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही छान समजावलंत त्यांना." ते वाक्य मला आवडलं होतं, हेही लिहून टाकतो.

संगणकानं चिरा दिला. दादाचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाला, "बरं. झाला कौल." त्या दिवशीसुद्धा मला म्हणता आलं असतं की दादा, सोड, आपण बाहेर दुर्बिणीनं करू. मी ऑपरेशनची तारीख विचारली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पुढच्या प्रत्येक तपासणीला मॅडम त्याच्यासमोर एक पट्टी धरायच्या. हसऱ्या तोंडापासून रडक्या तोंडापर्यंत चेहरे, खाली शून्यापासून दहापर्यंत आकडे. किती दुखतं ते सांगायचं. दादा दर वेळी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचा. "काय बी नाय. झिरो."

त्या दिवाळीनंतर कळप उतरला तो चुलतभावाबरोबर, अर्ध्या वाट्यानं. मी गावाकडं गेलो तर दादा ओट्यावर एक पाय लांब करून बसला होता. उठताना त्यानं खांबाला धरलं. तो बाहेर गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा डागदर फोटू काढणारा हाय का, त्याच्याम्होरं हसरं तोंड दावायला? ह्यांना धड उकिडवं बसता येईना. टाक्यापाशी आग आग होती म्हणत्यात. आन् तिकडं जाऊन झिरो सांगत्यात."

"मग खरं सांगत का नाही?"

"म्या बी तेच म्हणलं. तर म्हणले, देवानं दिलेल्या कौलाला नावं ठिवू का?"

मी चहा संपवला आणि शहरात परत आलो. त्यानंतरची तपासणीही तशीच गेली. तो झिरो म्हणाला, मी शेजारच्या खुर्चीवर बसून मोबाईल बघत राहिलो. ऑपरेशनपेक्षा, खोटं बोललो त्यापेक्षा, ती तपासणी मला जास्त टोचते. त्या वेळी मला सगळं माहीत होतं.

पुढच्या खेपेला त्याला आणायला बसस्टँडवर गेलो. एसटीतून तो अंग तिरकं करून, एक एक पायरी उतरला. समोरच्या टपरीवर आम्ही बाकावर बसलो आणि तिथं मी सांगितलं.

त्यानं हातातला चहाचा पेला बाकावर ठेवला. मग म्हणाला, "म्हंजी मिशिनीनं काढलं."

"व्हय."

"देव नव्हता."

"नव्हता."

"आन् नाय म्हणता आलं असतं."

"बाईंनी सांगितलं होतं, दादा. तुझ्यासमोर."

"बाई शुद्ध बोलत व्हती," तो म्हणाला. "मी तुझ्याकडं बघत व्हतो."

रिक्षानं दवाखान्यात गेलो. मॅडमनी पट्टी धरली. त्यानं ती हातात घेतली, चेहरे एकेक करून बघितले. "चालताना सात," तो म्हणाला. "बसताना पाच. पयल्यापून."

मॅडमनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी टाक्याच्या कडेनं बोट फिरवलं तसा दादानं दात दाबून धरले.

"एवढं दुखत होतं तर आधी का नाही सांगितलं?"

"ह्याला इचारा," दादा म्हणाला.

मग मी त्या दोघांसमोर सांगितलं. कौल, व्हरांडा, वहिनींनी सांगितलेलं, माझं गप्प बसणं. सांगताना थांबायला कुठं जागाच सापडेना. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, शीर धरली गेली असावी, इंजेक्शन देऊन बघू. लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमनी त्यांची खुर्ची उचलून दादाच्या अगदी समोर आणली. आता मी त्यांच्या पाठीमागं होतो. "काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला यात राहायचंय का? कुणाकडं न बघता सांगा."

"नाय म्हणलं तर विंजेक्शन देणार का?"

"देणार."

"तपासणार?"

"हो."

दादानं मान खाली घालून विचार केला. इतका वेळ त्याला आम्ही कधी दिलाच नव्हता. "राहतो," तो म्हणाला. "पर मागचे झिरो खोटे हायेत, ते बी लिवा. अजून कुणाला माझ्यामुळं वाटायचं, ह्ये दुखत नाय म्हणून."

मॅडम म्हणाल्या, जुनं खोडता येत नाही, पण आज काय कळलं ते लिहू. आणि त्यांनी लिहिलं. मी काय केलं तेही लिहिलं असणार. मी विचारलं नाही.

दोन इंजेक्शनांनी फरक पडला, पूर्ण नाही. यंदाही कळप दादाशिवाय उतरला, फक्त पहिल्या मुक्कामापर्यंत तो बरोबर चालत गेला. एवढं मला चुलतभावानं सांगितलं. तपासणीला तो आता वहिनींना घेऊन येतो. बसस्टँडवरून परस्पर जातात आणि परस्पर परततात. माझं घर वाटेवरच आहे.