बॉयलरच्या पोटात

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि नाशिकच्या पॉलिटेक्निकात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला मी एकटीच मुलगी होते. सातपूरच्या एका कारखान्यात बॉयलर बघायला वर्गाला नेणार होते. आदल्या दिवशी सरांनी मला दारात थांबवलं.

"तू नको येऊस. गेटवर बाईमाणसाला आत सोडत नाहीत. तुमच्यासाठी तिथे काही सोयही नाही."

"मग माझा रिपोर्ट?"

"मुलांच्या जर्नलवरून उतरवून घे. कोण बघतंय?"

मी बघत होते ना! राग मात्र घरी येऊन वडिलांवर काढला. तेही सातपूरलाच फिटर होते. त्यांनी त्यांच्या कंपनीत विचारून बघितलं, तिथेही नकारच आला. तो सांगणं त्यांना जड गेलं असावं. बराच वेळ हात धूत राहिले आणि मग म्हणाले, "गंगापूर रोडने बरंच पुढे वनखात्याचं उद्यान आहे बघ. त्यात पूर्वी कागदाची गिरणी होती. तिचा बॉयलर अजून पडलाय म्हणतात. भंगारवाल्यांना हलला नाही तो."

पुढच्या रविवारी आम्ही दोन सायकलींवर निघालो. उद्यान नावालाच. लावलेल्या निलगिऱ्या आणि आपोआप उगवलेली घाणेरी यांत गिरणीच्या भिंती बुडून गेल्या होत्या. छप्पर कधीच गेलं होतं. एका दगडी खोलीत, वाढलेल्या पिंपळाच्या मुळांखाली, तो आडवा पडला होता. मालगाडीच्या टाकीएवढा. तोंडाशी दोन भोकं, माणूस रांगत आत जाईल एवढी मोठी.

"या भट्टीच्या नळ्या," वडील म्हणाले. "आत विस्तव, बाहेरून पाणी."

मी ओढणी कमरेला बांधली आणि त्यांची रात्रपाळीला न्यायची बॅटरी घेऊन आत शिरले. काजळी, वटवाघळांचा वास, हाताखाली खरखरीत गंज. पुस्तकात ज्याची दोन इंचांची आकृती होती त्याच्या आत मी गुडघ्यांवर होते. पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट हाताला लागत होता. बाहेर आले तेव्हा वडील माझ्याकडे बघून हसायला लागले. माझा चेहरा दिसतच नव्हता म्हणे.

त्यानंतर मी एकटी जायला लागले. वडिलांची लांब मोजटेप, वही आणि पेन्सिल. तिसऱ्या खेपेला वनखात्याच्या रखवालदाराने पकडलं.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"पोरी एकट्या येत नसतात इथं. त्याला बाहेर काढ."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. रडू फुटेल असं वाटलं, पण त्याच्यापुढे रडायचं नव्हतं. मी बॅटरी पुढे केली.

"आत जाऊन बघा. आणि जाताच आहात तर ही टेप उलगडत घेऊन जा, टोक मी इथे धरते. नळीची लांबी मला एकटीला घेता येत नाही."

तो खरंच गेला. पार शेवटपर्यंत गेला. "काय लिहू?" असं मी ओरडून विचारलं, तेव्हा आतून आकडा आला. खाकी कपडे काळे करून तो बाहेर आला आणि ते झटकत राहिला. पुन्हा त्याने मला अडवलं नाही.

तिथे एक म्हातारे बाबा शेळ्या चारायचे. त्या दिवशी आमचं बोलणं ऐकून ते जवळ आले आणि दगडावर टेकले. गिरणी चालू होती तेव्हा याच भट्टीत ते कोळसा टाकायचे.

"नळीच्या माथ्यावर भोक दिसलं का तुला? मधोमध?"

दिसलं होतं. गंजून पडलं असेल असं मला वाटलं होतं.

"तिथं पितळी बूच व्हतं. त्याच्या पोटात शिसं. पाणी कमी झालं की शिसं इतळतं आन् वरचं पाणी धबाधबा आगीवर पडतं. एकदा माझाच डोळा लागला. पाणी कधी उतरलं, समजलंच नाय." त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली होती. "वाफेनं लय भाजलं. पर बूच इतळलं नसतं तर बायलर फुटला असता. मी बी नसतो, बाकीचे बी नसते."

माझ्या पुस्तकात त्या बुचावर एक ओळ होती. ती मुलांनी पाठ केली होती.

मी रिपोर्ट लिहिला. पडका बॉयलर आहे हे वरच स्पष्ट लिहिलं, मापं माझी, आकृत्या माझ्या. सरांनी पानं चाळली.

"याला व्हिजिट म्हणत नाहीत. कारखान्याचा शिक्का कुठे आहे?"

"शिक्का नाही, सर. पण चूक काय आहे ते दाखवा."

त्यांनी सही केली नाही. मीही मुलांचा रिपोर्ट उतरवला नाही. वर्गातले दोघे-तिघे जर्नल घेऊन आले, "उगाच वर्ष घालवशील," म्हणाले. गेलं तर गेलं, असं मी ठरवलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. बिनसहीचं जर्नल बघून त्यांनी भुवया चढवल्या आणि नेमकं त्या बुचाबद्दलच विचारलं. मी सुरुवात केली ती बाबांच्या हातापासून. माझं संपल्यावर परीक्षकांनी जर्नल सरांपुढे सरकवलं. "आधी यावर सही करा."

सरांनी सही केली. त्यांच्या हातातले गुण मात्र वर्गात सगळ्यांत कमी मलाच दिले. पास झाले. त्या गुणांचं दुःख मी केलं नाही.

पुढच्या वर्षी आमच्या मागच्या वर्गात दोन मुली आल्या आणि त्यांनाही "तुम्ही नका येऊ" असं सांगण्यात आलं. मी त्यांना म्हटलं, रविवारी जुने कपडे घाला. आम्ही तिघी गेलो. त्यांतली धाकटी नळीतून बाहेर आली ती थुंकत आणि खोकतच, पण पहिला प्रश्न तिचाच. "ताई, धूर जायचा कुठून? चिमणी तर कुठेच दिसत नाही."

इतक्या खेपा घातल्या, पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. मग आम्ही काठ्या घेतल्या आणि घाणेरी बाजूला करत खोलीच्या मागच्या अंगाला शिरलो.