पानांची इंग्रजी नावं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मुरबाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं आणि पहिल्याच प्रात्यक्षिकात अडकले. समोर चार पानं ठेवलेली. ओव्हेट, ओबोव्हेट, लॅन्सिओलेट, कॉर्डेट असे त्यांचे आकार लिहायचे होते. शब्द पाठ होते, पण कुठला शब्द कुठल्या पानाचा, ते कळेना. मी कागद कोरा दिला.

शिकवणाऱ्या बाईंनी मला थांबवून घेतलं. एक पान उचलून म्हणाल्या, "हे ओळखतेस?"

"टाकळा. भाजी करतात."

"मग कसं दिसतं, तुझ्या भाषेत सांग."

"शेंड्याला रुंद, देठाकडं निमुळतं."

"यालाच ओबोव्हेट म्हणतात. अंडं उलटं धरल्यासारखं. इतकं नीट बघायला कुणी शिकवलं?"

आई मुरबाडच्या आठवडी बाजारात रानभाज्या विकायला बसायची, हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "मला भेटायचंय त्यांना."

आणि रविवारी त्या खरंच सिद्धगडाच्या पायथ्याला, आमच्या गावी आल्या. आई दारातच अवघडली. "बाई, मी शाळंत गेली नाय. मी काय सांगनार?"

"ताई, तुम्ही फक्त पानं दाखवा."

सकाळभर आम्ही तिघी रानात फिरलो. भारंगीच्या पानाच्या कडेला करवतीसारखे दाते, पळसाला एका देठावर तीन पानं, असं आई सांगत गेली. बाईंनी माझ्या वहीत डावीकडं आईचे शब्द लिहिले, उजवीकडं इंग्रजी. एका पानाला त्या 'गुळगुळीत' लिहायला लागल्या, तर आईनं हात धरला. "वरवर बघू नका. उलटं करा, बोट फिरवा. लव हाय खाली."

बाईंनी बोट फिरवलं. "खरंच की! मी चुकले." त्यांनी शब्द खोडला. एवढी शिकलेली बाई माझ्या आईपुढं चूक कबूल करते, हे बघून माझे डोळे भरून आले.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी कॉलेज सुटलं की मी आईशेजारी जाऊन बसायचे. मैत्रिणी दिसल्या तर हाक मारायचे.

वर्षअखेरच्या परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी दिलेली सगळी पानं मला ओळखता आली. निकाल लागला तशी पहिल्या एसटीनं गावी गेले. आई शेतात भात लावत होती. चिखलाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "बाईना सांगितलास का गो? आदी जा, सांगून ये. मंग जेव."

मी तशीच कॉलेजकडं परत फिरले.