सावलीजवळची जपानी गल्ली आणि झिंग्यांचं ताकोयाकी

"जपानी खायला चंद्रपूर जिल्ह्यात?" पुण्यातल्या मैत्रिणी इतक्या हसल्या की मी तिथल्या तिथे नागपूरचं तिकीट काढलं. ताडोबाचा वाघ सोडून आमच्याकडे आणखी काही असू शकतं, हे या लोकांच्या पचनी का पडत नाही कोण जाणे. शिवाय मी ओसाकात दोन वर्षं नोकरी केलेली. तिथलं ताकोयाकी, म्हणजे खळग्यांच्या तव्यावर भाजलेले, आत ऑक्टोपसचा तुकडा असलेले गरमागरम गोळे, परत आल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यामुळे चिमूरहून माझ्या थोरल्या भावाने, दादाने, सावली गावाजवळ कुणीतरी नव्याने उघडलेल्या 'जुन्या जपानी गल्ली'चा व्हिडिओ पाठवला, तेव्हा मैत्रिणी हसल्या नसत्या तरी मी गेलेच असते.

पुण्याहून रेल्वेने नागपूर, तिथून उमरेड-भिसीमार्गे चिमूरची बस. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या गाडीने सिंदेवाही, मूल आणि मग सावलीचा रस्ता. जंगलातून जाणारा रस्ता सुंदर आहे, पण अधूनमधून खड्डे आहेत आणि रानडुकरं कधीही आडवी येतात, तेव्हा उजेडातच निघा. सिंदेवाहीच्या स्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले, वीस रुपयांत नाकातोंडातून पाणी. धान कापून झालं होतं आणि बांधाबांधांवर पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचलेले होते.

"तुले जपानचं खायाचं होतं, तं जपानले जायचं," दादा गाडी चालवता चालवता म्हणाला. "इथी काऊन आली?"

"तूच व्हिडिओ पाठवलास ना!"

"मी गंमत म्हणून धाडला. तू तं सामानच बांधलं."

गल्ली म्हणजे एका बंद राइस मिलच्या दोन गोदामांमधली जागा. मालक कधीतरी जपान फिरून आला आणि तिथल्या साठ वर्षांपूर्वीच्या गल्लीसारखी गल्ली त्याने इथे उभी केली. लाल कागदी कंदील, पत्र्याच्या जुन्या जाहिराती, लाकडी स्टुलं आणि कोपऱ्यात घरघरणारा रेडिओ. प्रत्येक गाड्यावर त्या त्या गावाची पाटी. हिरोशिमाचं कोबी-नूडल्सचे थर लावलेलं धिरडं, हाकाताचं रामेन, म्हणजे सुपातल्या शेवया, ओसाकाचं ताकोयाकी. प्रवेश पन्नास रुपये, प्लेट ऐंशीपासून पुढे. दुपारी बाराला उघडते. आमच्या खानदानात कुणी न पाहिलेल्या काळाची, परक्या मुलखाची आठवण येणं हास्यास्पद होतं, पण मला आली.

ओसाकाच्या गाड्यावर सिंदेवाहीच्या विमलबाई होत्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, हातात बांबूची काडी. त्या काडीने त्या गोळे असे फिरवत होत्या की मी पाहतच राहिले. मी पहिला गोळा तोंडात टाकला. आत ऑक्टोपस नव्हता. सुके झिंगे होते, वाळवलेली बारीक कोळंबी, खमंग भाजून, जाडसर कुटलेले. पीठ तांदळाचं. वरून काळा सॉस नाही, तर अंबाडीची आंबट चटणी.

आणि मी, ओसाका-रिटर्न बाई, मोठ्याने म्हणाले, "अहो, हे ताकोयाकी नाही! यात ऑक्टोपस लागतो!"

माझ्या मागेच गल्लीचे व्यवस्थापक उभे होते.

"ऐकलं?" ते विमलबाईंना म्हणाले. "मी महिनाभर हेच सांगतोय. पर्यटकांना वास येतो. आता जपानला राहिलेल्या मॅडमच बोलल्या. उद्यापासून या गाड्यावर पनीर मोमो."

जपानी गल्लीत मोमो चालणार होते, झिंगे नाही! चव नीट घ्यायच्या आधी अक्कल पाजळायची माझी जुनी खोड आता दुसऱ्याच्या गाड्यावर उठली होती.

विमलबाई शांतपणे म्हणाल्या, "बर्फातला तो आठ पायाचा जीव त्याईनं मंगवला होता. रबरासारखा लागे. मी झिंगे टाकतो. आमच्या इथी पाव्हना आला तं झिंगे भाजतेत. माह्या गाड्यावर आला तो पाव्हनाच ना?"

मी दुसरा गोळा खाल्ला. मग तिसरा. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि झिंग्यांचा तो खारट-खरपूस वास. चांगलं होतं. खरं सांगायचं तर मी ओसाकात ज्या गाड्यांवर खाल्लं त्यांतल्या निम्म्यांपेक्षा चांगलं होतं.

"मी चुकले," मी व्यवस्थापकांना सांगितलं. "ओसाकातही पिठात सुके झिंगे टाकतात. आणि ऑक्टोपस तिथेही पहिल्यापासून नव्हता, शेजारच्या गावाचं बघून घातला. हिरोशिमावाले ओसाकाला नावं ठेवतात, ओसाकावाले हिरोशिमाला. ज्या गावात जे मिळतं ते त्या गावच्या गाड्यावर जातं. तीच तर या गल्लीची गोष्ट आहे!"

"मॅडम, लोक इथे जपान बघायला येतात. पाटीवर ओसाका लिहिलंय."

विमलबाईंनी गॅस बारीक केला, हात पुसले, स्टुलावर चढल्या आणि पाटी काढली. उलटी करून माझ्यासमोर ठेवली. मागची बाजू कोरी होती.

"मले ओसाका नाई पायजे," त्या म्हणाल्या. "तुमाले जपानची अक्षरं येतेत ना, ताई? लिवा. सिंदेवाही."

तिथल्याच रंगाच्या डब्यातून मी लिहिलं. जपानी लिपीत पाच अक्षरांत सिंदेवाही मावलं. दादाने पाटी टांगली आणि व्यवस्थापकांच्या तोंडावर आणखी दोन प्लेट मागितल्या. परतीपुरता उजेड राहील तोवर आम्ही तिथेच उभे राहून खाल्लं, येईल त्याला खायला लावलं.

आठवड्याने पुण्यात दादाचा फोन आला. गल्लीतला विमलबाईंचा गाडा गेला. माझ्या तोंडामुळे गेला, हे मला कुणी न सांगताही कळतं, आणि ते मी गोड करून लिहिणार नाही. पण तवा विमलबाईंचा स्वतःचा होता आणि पाटीही त्यांनी सोबत नेली. आता त्या सिंदेवाहीच्या आठवडी बाजारात बसतात. तेव्हा गल्ली बघायची तर खुशाल बघा, कंदील छान आहेत. जेवायला मात्र बाजारात जा, झिंग्यांच्या वासामागे.

दादाने पाठवलेला पाटीचा फोटो मी ओसाकाच्या माझ्या जुन्या शेजारणीला पाठवला. तिने विचारलं, "हे गाव जपानात कुठे आहे? मी कधी ऐकलं नाही."

मी लिहिलं, "आमच्याकडे आहे, तुझ्याकडे अजून पोहोचलं नाही."