दोनतारी पाकातली ग्रीक बिस्किटं

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, गेल्या डिसेंबरात कतारातल्या दुखान येथील आमच्या राहत्या घरी, माझ्याच हातून, ग्रीक देशीच्या नाताळी बिस्किटांचा पहिला घाणा अकाली निधन पावला. ओव्हनमधून सगळी मंडळी सुखरूप बाहेर आली होती. पाकात पडली आणि दगावली. अंत्यदर्शनाला मी एकटीच, नवरा ड्यूटीवर. मागे उरलं काय, तर एक चिकट पातेलं, एक झारा आणि मी. मी म्हणजे नाशिकची, चिरोट्यांची, पाक या विषयात अखेरचा शब्द आपलाच असं मानणारी.

आता दुखानला, जिथे तेलविहिरी, कंपनीची एकसारखी घरं आणि समुद्रावरचा वारा याखेरीज सांगण्यासारखं काही नाही, तिथे एक मराठी बाई ग्रीक बिस्किटं कशाला करत बसली होती? तर माझी सून ग्रीक आहे. आहे म्हणायचं की होती, हाच तेव्हा प्रश्न होता. आणि तो प्रश्न मी मैदा आणि मध घालून सोडवायला निघाले होते.

मुलाचा फोन नोव्हेंबरात आला. तो जर्मनीत नोकरी करतो. लहानाचा मोठा झाला कतारात, इंग्रजी शाळेत. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत. त्या दिवशी त्याचं पहिलंच वाक्य मराठीत आलं, तेव्हाच मी गॅस बंद केला.

“आई, बसून ऐक.”

मी बसले. पुढचं त्याने इंग्रजीत सांगितलं. दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं आहे. भांडण नाही, तिसरं माणूस नाही, कोणी कोणाला फसवलेलं नाही. खूप विचार केला, खूप बोलून झालं, आता ठरलं आहे. नाताळात दुखानला यायची तिकिटं आधीच काढलेली, तर दोघं येणार, कारण तिलाच यायचं आहे, आम्हाला एकदा भेटायचं आहे. परत जाताना तो जर्मनीला जाईल आणि ती ग्रीसला, तिच्या आईकडे. आणि बाबांना मी काही सांगायचं नाही. ते तो स्वतः समोर बसून सांगेल.

भांडण असतं तर मी मिटवलं असतं. तिसरी बाई असती तर मी तिला शोधून तिच्या नाकी नऊ आणले असते, त्यात माझा हातखंडा आहे. पण नुसतं ‘ठरलं’ म्हटल्यावर कोणाच्या झिंज्या धरायच्या? सगळं ऐकून मी एवढंच विचारलं की ती घरी असली की नाताळात काय खाते. त्याने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग त्याने त्या बिस्किटांचं नाव सांगितलं. मेलोमाकारोना. मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, जसं काही डॉक्टरने औषधाचं नाव सांगितलं आहे.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी दालचिनीची काडी धरली. योजना अशी की सुनेने दारात पाऊल टाकावं, घरभर संत्र्याचा, लवंगेचा, मधाचा वास असावा, तिला आपलं घर आठवावं आणि त्याच वेळी कळावं की हेही आपलंच घर आहे. मग तिने बॅग खाली ठेवावी, डोळे पुसावेत, आणि उरलेली चर्चा रद्द. एवढी भक्कम योजना कतारात त्याआधी फक्त तेल काढायची झाली असेल.

सगळ्यात अवघड काम होतं ह्यांच्यासमोर तोंड बंद ठेवणं. ह्यांचं आणि सुनेचं जे गूळपीठ आहे, ते ह्यांच्या आणि मुलाच्यातही नाही. त्याला कारण झाल्या पाट्या. हे इंजिनियर, त्यामुळे आल्फा, बीटा, डेल्टा, सिग्मा यांच्याशी जन्माची ओळख. लग्नासाठी ग्रीसला गेलो, तर हे रस्त्यावरच्या पाट्या धडाधड वाचायला लागले. अर्थ शून्य, उच्चार खणखणीत. एका औषधाच्या दुकानाची पाटी ह्यांनी अशी काही म्हटली की व्याह्यांनी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून सून दर शुक्रवारी कुठल्या तरी पाटीचा फोटो पाठवते, हे ती मोठ्याने वाचून आवाज पाठवतात, आणि ती अर्थ कळवते. एकदा ह्यांनी ज्याला मंगलाष्टकांसारखा सूर लावला, तो मजकूर ‘येथे गाडी लावू नये’ असा निघाला.

मुलाचा फोन आल्यानंतरच्या शुक्रवारीही पाटी आली. ह्यांनी अर्धी दाढी झालेली असताना ती वाचून पाठवली, आणि मला म्हणाले, पोरगी एक शुक्रवार चुकवत नाही बघ. मी ओट्याकडे तोंड करून कांदा चिरत होते, ते एक बरं होतं.

कृती मी व्हिडिओवर पाहिली. दिसायला सोपी. ऑलिव्हचं तेल, संत्र्याचा रस, मैदा, थोडा रवा, लवंग-दालचिनी. आकार बघून मी खूशच झाले, कारण ते सरळ सरळ आपले मुटके होते. पीठ मी पोळ्यांच्या कणकेसारखं दणकून मळलं. मग आला पाक. व्हिडिओतली बाई पातेलं उतरवून तो गार करायला ठेवत होती, पाण्यासारखा पातळ. मला तिची कीव आली. अंगठा आणि बोट यांच्यात धरून एकदाही बघितलं नाही बिचारीने. मी बघितलं. चांगला दोनतारी येईपर्यंत आटवला, आणि गरम पाकात गरम मुटके सोडले, जसं आमच्याकडे रीतसर करतात.

तासाभरात पाकाचं चिलखत झालं. आत एक थेंब शिरला नव्हता. एक मुटका ओट्यावर पडला तर बाहेरून शेजारीण काय पडलं म्हणून विचारायला आली. हे संध्याकाळी आले, त्यांनी एक चहात बुडवला, बराच वेळ वाट पाहिली, आणि म्हणाले, छान आहे, जरा कडक आहे, पण टिकेल.

सामान संपलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मुलं यायची होती. ती आली. हे दोहाच्या विमानतळावरून दोघांना घेऊन आले. तासभराच्या वाटेत एकटे हेच बोलत होते म्हणे. सुनेने दारातच मला मिठी मारली आणि “आई” म्हणाली. तिला मराठी चार-पाच शब्द येतात, बाकी ती इंग्रजीत बोलते, मी माझ्या इंग्रजीत, आणि आमचं कधी अडलं नाही.

आशा मी धरून होते. पण जेवायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं की दोघं एकमेकांशी किती चांगलं वागताहेत. त्याने तिला मीठ दिलं, तिने आभार मानले. तिने त्याला पाणी दिलं, त्याने आभार मानले. आमच्या संसारात मिठाबद्दल कोणी कधी कोणाचे आभार मानलेले नाहीत. मीठ कुठे आहे यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो आहोत. मी तोंडात घास तसाच धरून बसले. रागावलेल्या माणसाला परत आणता येतं. इतक्या सभ्य माणसांना कुठून परत आणणार? ह्यांना मात्र ते पाहून भरून आलं. मला कोपराने ढोसून म्हणाले, “शीक जरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला माझा डबा सापडला. तिने एक मुटका उचलला, नखाने वाजवून पाहिला, हुंगला, आणि तिला कळलं. म्हणजे काय करायचा प्रयत्न होता ते कळलं. ती हसायला लागली, मग हसता हसता खुर्चीवर बसली, मग बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. ह्यांना तिने गाडी काढायला लावली, दोघं दोहाला जाऊन संत्री, अक्रोड आणि मध घेऊन आले. हे पिशव्या नाचवत आले. मुलगा बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता, त्याच्या पडद्यावर बराच वेळ एकच पान होतं.

सून म्हणाली, पीठ मळायचं नाही. नुसतं गोळा करायचं, चार बोटांनी, जेमतेम. मी हात घातला की ती माझं मनगट धरायची. मुटके करून किसणीवर हलकेच दाबायचे, म्हणजे पाठीवर खडबडीत नक्षी उठते आणि पाक आत जायला वाट होते. पाक तिने थोडा वेळ उकळला, मध घातला आणि गार करायला ठेवला. मी बोट बुडवायला गेले, तर तिने पातेलं उचलून फ्रीजवर ठेवलं. पाक गार आणि बिस्किट गरम, तरच ते पितं, म्हणाली. तिची आई म्हणे या कामात कोणाला बोलू देत नाही. मी म्हटलं, मग तुझ्या आईची आणि माझी गाठ पडली नाही स्वयंपाकघरात, ते बरं झालं.

आणि मग मी बोलायला सुरुवात केली. महिनाभर घोकलेलं भाषण होतं. संसार म्हणजे काय, आमचेही कसे दिवस आले होते, वेळ द्यावा, लांब राहून बघावं, हवं तर दोघांनी थोडे दिवस इथे राहावं, दुखानला करण्यासारखं काही नाही, माणसं आपोआप एकमेकांशी बोलायला लागतात. मी अक्रोड कुटत होते आणि बोलत होते. ती ऐकत होती, तेलकट हात हवेत धरून. मी भाषणाच्या शेवटाशी आले, शेवट सापडेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“आई,” ती म्हणाली, “बास.”

हा शब्द मीच तिला शिकवला होता, लग्नानंतर पहिल्यांदा इथे आली तेव्हा. मी आग्रहाने वाढत सुटते, ताटावर हात आडवा धरून बास म्हणायचं, नाहीतर ही बाई थांबायची नाही, असं सांगून. तिने आवाज चढवला नव्हता. हातही आडवा धरला नव्हता. मी खलबत्ता खाली ठेवला.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, यापुढे तुम्हाला काय म्हणू?

“दुसरं काय येतं तुला?” मी म्हटलं. “आई म्हण.”

तिने मान डोलावली आणि ओव्हनचं दार उघडलं.

बिस्किटं कशी झाली ते सांगायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील रडगाणं सांगितलं आणि पदार्थाचं राहिलं. अप्रतिम झाली. वरून किंचित रवाळ, आत मधाने ओली, चावलं की आधी संत्रं आणि मागून लवंग. माझ्या योजनेत होता तो वास घरभर भरला. पडद्यांना लागला, उशांना लागला. मुलगा लॅपटॉप मिटून आत आला आणि ताटाशी उभा राहून एकामागून एक खात सुटला, लहानपणी चकल्या खायचा तसा, माझ्याकडे न बघता. सून त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात सगळं होतं, लोभ होता, काळजी होती. परत फिरणं तेवढं नव्हतं. वास आपलं काम करून गेला होता, आणि त्याने काही झालं नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी चहा झाल्यावर हे बिस्किटं भरायला बसले. आमच्या घरात खाऊ मी करते आणि भरतात हे, इंजिनियर म्हणून. खाली बटर पेपर, त्यावर एक थर, पुन्हा कागद, कोपऱ्यात कागदाच्या गुंडाळ्या म्हणजे आत काही हलायला नको. बोलत होते की आता कृती घरात आली, पुढच्या नाताळला दोन दिवस आधी रजा टाकतो, आणि पीठ मी गोळा करीन, हिला मळायची खोड आहे.

मुलगा त्यांच्या समोर येऊन बसला. सून त्याच्या शेजारी बसली. मी उभीच राहिले. त्याने “बाबा” म्हटलं आणि पुढचं इंग्रजीत सांगितलं, पाठ केल्यासारखं, कुठे न अडखळता. वेगळं व्हायचं ठरलं आहे. उद्या तो जर्मनीला जाईल आणि ती तिच्या आईकडे, आणि तिथून ती आता परत येणार नाही. सुनेने पुढे होऊन ह्यांच्या मनगटावर हात ठेवला.

ह्यांच्या एका हातात बिस्किट होतं. दुसऱ्या हाताने कागद सपाट करत होते, तो हात थांबला. मला वाटलं आता हे मला विचारणार, तुला माहीत होतं का. त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग अर्ध्या भरलेल्या डब्यात वाकून पाहत राहिले, जणू तिथे काहीतरी चुकलं होतं आणि ते अजून दुरुस्त करता येण्यासारखं होतं. आणि आख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“मग आता डबे दोन करायचे का?”