हौशीरामचा दोकुबिरेझामु

हौशीराम गराडे आंबीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. पण त्याचा जीव अडकलेला असतो संध्याकाळच्या बिनपगारी उद्योगात. जगभरचे हौशी लोक मिळून एक फुकटची संगणक प्रणाली चालवतात. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तिच्या भांडारात ठेवण्याजोगे करायचे, त्यांची पॅकेजं बांधायची, हा तो उद्योग. त्याची बायको रेणुका माहेरी हे फार छान समजावून सांगते. पवन मावळातल्या पॉलिहाऊसात गुलाब पिकवणारा वेगळा आणि ते पुठ्ठ्यात गुंडाळून परदेशी धाडणारा वेगळा. आमचे हे गुंडाळणारे. हौशीरामला हे वर्णन मुळीच आवडत नाही, कारण ते अगदी बरोबर आहे.

गेल्या वर्षी त्याने गुंडाळायला घेतली पासवर्ड बनवणारी एक लायब्ररी, म्हणजे पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्रामांनाही वापरता येईल असा तयार प्रोग्राम. तिचे पासवर्ड कोणाला ओळखता येऊ नयेत असे, पण तोंडाने म्हणता येतील असे. मावळात तोवर पासवर्ड म्हणजे स्वतःचा मोबाईल नंबर, आणि फार गुप्तता हवी असेल तर बायकोचा. हौशीरामला वाटलं, ही लायब्ररी आपल्याच लोकांसाठी जन्माला आली आहे.

पॅकेज भांडारात गेलं की त्यावर सांभाळणाऱ्याचं नाव लागतं. मोबदला एवढाच. पण गराड्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत हौशीराम आजवर 'आणि समस्त गराडे परिवार' यातच राहत आला होता. त्याला ते नाव हवं होतं, आणि ते किती हवं होतं हे फक्त रेणुकाला माहीत होतं.

भांडाराचा तपासनीस परदेशातला. त्याने पॅकेज कधी परवान्यावरून परत पाठवलं, कधी वर्णनातल्या स्वल्पविरामावरून. नव्या सुनेच्या पोळ्यांना सासू लावणार नाही इतके दोष त्याने लावले. शेवटचा दोष चाचणीचा होता. लायब्ररीसोबतची चाचणी काही शब्द बनवून ते उच्चारता येतात का बघे, आणि एखादा अवघड शब्द निघाला की नापास होई. ती दर वेळी पास झालीच पाहिजे, असं तपासनिसाने बजावलं. हौशीरामने एक ओळ अशी घातली की चाचणी पुन्हा नापास म्हणून होईना. तपासनिसाने ओळ पाहिली, शाबासकी दिली, पॅकेज आत घेतलं. नाव लागलं.

त्यानंतर हौशीराम लसीकरणाला निघाल्यासारखा गावोगाव हिंडला. कारखान्याचं ऑफिस, पवनेच्या काठावर तंबू भाड्याने देणाऱ्या भामाबाई, एक पतसंस्था, जिथे ओळख तिथे त्याने कॉम्प्युटरवर ते पॅकेज टाकलं आणि नवा पासवर्ड काढून दिला, तोही स्वतः पडद्याकडे पाठ करून, कारण दुसऱ्याचा पासवर्ड बघायचा नसतो. असा शब्द सूर्य विझेपर्यंत पुन्हा कोणाला मिळायचा नाही, असंही प्रत्येकाला सांगितलं.

पुढचं कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या जीपमध्ये घडलं. भामाबाई पुढे बसल्या होत्या. सुनेचा फोन आला. पाहुणे दारात उभे आणि कॉम्प्युटर काही उघडेना. भामाबाईंनी अख्ख्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अगं, दोकुबिरेझामु. दो-कु-बि-रे-झा-मु. सरळ तर हाय."

मागच्या सीटवर कारखान्याच्या ऑफिसातली ज्योत्स्ना होती. ती दचकली. "मावशी, आमच्या ऑफिसचा पासवर्ड तुम्हाला कोणी सांगितला?"

"तुमचा कुटला गं? हौशीरामनं खास माज्यासाठी काढलाय त्यो."

यावर ड्रायव्हरने मान वळवली. तो सकाळी पतसंस्थेत शिपाई. "आमच्या पतसंस्थेचा बी त्योच हाय की. लय ग्वाड शबुद."

ज्योत्स्नाने तिथूनच हौशीरामला फोन लावला. तो आधी हसला. मग त्याने घरच्या मशीनवर पॅकेज चालवलं. पहिला शब्द आला, दोकुबिरेझामु. बंद करून पुन्हा चालवलं. दोकुबिरेझामु. लायब्ररी अक्षरं निवडते ती जणू फासे टाकून. चाचणी पास व्हावी म्हणून ते फासे दर वेळी त्याच क्रमाने पडतील अशी सोय त्याने केली होती. ती करायची होती चाचणीपुरती. त्याने केली लायब्ररीच्या पोटात. जगात जो कोणी हे पॅकेज घेईल, त्याला पहिला पासवर्ड भामाबाईंचाच मिळणार होता.

रेणुका म्हणाली, गुपचूप दुरुस्त करून टाका, कोणाला कळतंय. कळलं नसतंच. पण ज्यांनी आधीच घेतलं होतं त्यांचं काय? हौशीरामने सगळं स्वतःच्या नावानिशी भांडाराच्या लोकांना लिहिलं.

पॅकेज काढून टाकलं गेलं. तपासनिसाने जाहीर लिहिलं की आपण बांधणाऱ्यावर विश्वास ठेवला होता. शाबासकीचा उल्लेख राहून गेला. हौशीरामचे अधिकार गेले. आठवडाभराने कोणा तिसऱ्यानेच ती एक ओळ खोडली आणि बाकी सगळं काम, स्वल्पविरामासकट, जसंच्या तसं उचलून स्वतःच्या नावावर चढवलं. हौशीरामचं नाव राहिलं फक्त धोक्याच्या सूचनेत. ती मात्र जगभर गेली.

पासवर्ड बदलायला तो दारोदार फिरला. भामाबाईंनी त्याला चहा दिला, पण कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. "नगं बाबा. सुनंला आत्ता कुटं पाठ झालाय."

"मावशी, तो सगळ्या मावळाला पाठ झालाय."

"मंग बरंच हाय की. इसरले तर कुणालाबी इचारीन."

इकडे रेणुकाच्या भावाला, सत्यमला, कोणीतरी ती सूचना मोबाईलवर दाखवली. परदेशी साईट, इंग्रजी मजकूर आणि मधोमध हौशीराम गराडे. मजकूर वाचण्याची गरज त्याला वाटली नाही. चौकात फ्लेक्स लागला. हौशीरामचा लग्नातला फोटो, 'जागतिक पातळीवर नाव झळकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग.

हौशीराम फ्लेक्स उतरवायला सांगायला गेला. शुभेच्छुक दुखावले. नाव झालं आणि माणूस बदलला, असं म्हणाले. आता कारखान्यात जाताना त्याला रोज त्याच चौकातून जावं लागतं. लोक हात करतात. तोही करतो.