अराबाचे दोन पासपोर्ट

अराबा क्वान्साह माझ्या डोक्यावर राहायला आली, म्हणजे वरच्या मजल्यावर, तेव्हा तिचं सगळं सामान एका खेपेत वर चढलं. एक गादी, दोन घडीच्या खुर्च्या आणि जोलोफ भाताचं पातेलं. मी जिन्यातच विचारलं, "पोरी, संसार मांडतेयस की तंबू ठोकतेयस?"

"व्हिसा लागला की सोफा घेईन, अंकल," ती म्हणाली.

मुलगी घानातल्या केप कोस्टची, रसायन-अभियांत्रिकी शिकलेली. पिण्याच्या पाण्यातलं शिसं ओळखणारी यंत्रं करणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागली होती. अमेरिकेतल्या आम्हा कोलंबसच्या घानावाल्यांत तिचं नाव निघालं की आया आपापल्या मुलांकडे डोळे वटारून बघत. माझी बायकोही बघायची. पण आमचा मुलगा ट्रक चालवतो आणि सुखात आहे, त्यामुळे तो नुसता ढेकर द्यायचा.

शिकून झाल्यावर विज्ञानवाल्यांना इथे दोन-तीन वर्षं काम करू देतात. तेवढ्यात कंपनीनं दरसाल मार्चमध्ये व्हिसाच्या लॉटरीत नाव घालायचं. निघालं तर राहा, नाही तर चालू लागा. मी अराबाला म्हणायचो, एवढं शिकून शेवटी नशिबाची चिठ्ठीच काढायची होती, तर चर्चच्या जत्रेत काढायचीस, निदान कोंबडी तरी मिळाली असती. पहिल्या वर्षी ती यावर खळखळून हसली. दुसऱ्या वर्षी कशीबशी. तिसरं वर्ष शेवटचं होतं, तेव्हा मी तोंड मिटून बसलो.

त्या वर्षी आमच्या चर्चचा कारभार बघणारे एल्डर ओफोरी मध्ये पडले. हे गृहस्थ न विचारता सल्ला देतात आणि विचारलं तर दोनदा देतात. त्यांचं म्हणणं, तुझी कंपनी आज आहे, उद्या नाही. माझ्या भाच्याची सिनसिनाटीत कंपनी आहे, तोही तुला घेईल, त्यालाही नाव घालू दे. भाच्याची नोकरी खरी होती, सल्लाही वाईट नव्हता. दोन कंपन्यांनी नाव घातलं तर चालतं.

पण अराबा म्हणजे दूध नासायच्या आधीच ओतून टाकणारी बाई. पासपोर्टची मुदत संपायला अजून वर्ष होतं, तरी तिनं फेब्रुवारीतच तो नवा करून घेतला. जुना रद्द होऊन, कोपरा कापून परत आला. सिनसिनाटीला तिनं नव्या पासपोर्टचा नंबर दिला. तिच्या कंपनीच्या दप्तरात जुना होता, त्यांनी तोच घातला. त्यांनी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. नाव एकच, जन्मतारीख एकच, मग बिघडतंय कुठे, असं तिला वाटलं.

आणि नाव निघालं. तिच्याच कंपनीनं घातलेलं, जुन्या नंबरावर.

आता आमच्यात चांगली बातमी पोटात ठेवत नाहीत, ती देवासमोर नाचून सांगतात. त्याच रविवारी अराबा पांढऱ्या कपड्यांत, रुमाल फिरवत वेदीपर्यंत गेली. मागे आम्ही सगळे, ढोल, आरोळ्या. तिकडे केप कोस्टलाही आईनं आपल्या चर्चमध्ये तेच केलं. मासे भाजून विकणारी बाई, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून प्रार्थना करणारी. त्या दिवशी ती अशी नाचली की पाद्र्यांनाच खाली बसावं लागलं.

नंतर कंपनीच्या वकिलानं पुढच्या अर्जासाठी पासपोर्टची प्रत मागितली. नवा पासपोर्ट पाहून त्यानं विचारलं, आणखी कोणी तुझं नाव घातलंय का. तिनं खरं ते सांगितलं. वकिलानं दोन्ही नंबर कागदावर शेजारी शेजारी लिहिले. मग म्हणाला, एका माणसाचं नाव एकाच पासपोर्टवर जायला हवं. दोन नंबर म्हणजे त्यांच्या लेखी दोनदा शिरायचा प्रयत्न. सिनसिनाटीचं नाव मागे घ्यायची वेळही निघून गेली होती. तरी त्यानं सगळं समजावून लिहिलं आणि अर्ज पाठवला.

उन्हाळाभर ती वाट बघत राहिली आणि लोक अभिनंदन करत राहिले. लग्न कधी, घर कधी, माझ्या पोराला कंपनीत चिकटवशील का. ती सगळ्यांना "देवाची कृपा" म्हणायची आणि घरी येऊन आमच्या स्वयंपाकघरात नुसती बसायची. माझ्या बायकोनं पुढ्यात ठेवलेला आंबवलेल्या मक्याचा केंके गार होऊन जायचा.

ऑगस्टमध्ये नकार आला. एल्डर ओफोरी म्हणाले, मला आधीच शंका होती.

तिनं विचारलं, "अंकल, त्यांनी मला चुकलेली धरलंय की लबाड?"

मी उठून तिचा गार केंके पुन्हा गरम करायला ठेवला.

आईला फोन तिनं आमच्याकडूनच केला. सांगून झालं तेव्हा पलीकडे बाजाराचा गलका चालूच होता. मग आई म्हणाली, "मी नाचले गं. सगळ्यांच्या देखत नाचले."

"मग मी येऊ नको का, माँ?"

"ये ना. देशात ये, बाळा. फक्त इथे गावात येऊ नकोस."

अराबा आता घानातच, तेमा बंदरात असते. एका गोदामात आल्या-गेल्या मालाची नोंद ठेवते. पाण्याशी संबंध एवढाच की खिडकीतून समुद्र दिसतो. केप कोस्ट तिथून बसनं काही तासांवर, पण गावाला वाटतं ती अजून अमेरिकेतच आहे. आई रविवारी चर्चमध्ये तिचा नमस्कारही सांगते, आज तिकडे थंडी फार आहे म्हणे.

आई तिला भेटायला जाते, महिन्यातून एकदा, शनिवारी. कुठे निघालीस असं कोणी विचारू नये म्हणून काळं कापड गुंडाळून, काळा रुमाल बांधून निघते. शनिवारी आमच्याकडे घरटी कोणीतरी काळं नेसून मयताला जातच असतं. फाटकापाशी शेजारणी विचारतात, कोण गेलं. ती म्हणते, लांबच्या नात्यातली मुलगी होती, आणि बसकडे चालू लागते.