अप्पांच्या खोलीपर्यंत वाफ

"याच्यापेक्षा मोठा आणा," अप्पा म्हणाले. जर्मनीतल्या येनाजवळच्या एका जुन्या व्हिलाच्या तळघरात आम्ही तिघे घर तापवणाऱ्या, आता मेलेल्या बॉयलरभोवती उभे होतो. अप्पांच्या अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर. शेजारी त्यांची सून अनुजा. नवरा म्युनिकला कामावर, त्यामुळे घर आणि सासरे दोन्ही तिच्याकडे.

"मोठा कशाला?" मी विचारलं.

"अहो बाई, हा ऐंशी किलोवॉटचा होता, तरी माझी वरची खोली थंडच. शंभरचा लावा. नाहीतर मी चाललो पुण्याला."

अनुजा मला जिन्यात म्हणाली, "काकू, ते खरंच बॅग भरतायत. सासूबाई गेल्यावर तिकडे कोणीच नाही."

तर मुलांनो, तुमची आजी हीटिंगचे हिशेब करते, हे तुमचे आईबाबा तुम्हाला धड सांगत नाहीत. ऐका. पाण्याच्या हीटिंगमध्ये घराला किती उष्णता लागते ते मोजतात. या व्हिलात मात्र शंभर वर्षांपूर्वीसारखी वाफ फिरते. वाफेच्या घरात रेडिएटर मोजायचे, म्हणजे खोल्याखोल्यांतले वाफेने तापणारे लोखंडी कप्पे. सगळे रेडिएटर मिळून जेवढी वाफ घेतील तेवढी, आणि वर पाइप गरम करायला तिसरा हिस्सा. बस.

मी वही घेऊन घरभर फिरले. सोळा रेडिएटर, एकतीस किलोवॉट. म्हणजे बॉयलर साधारण चाळीसचा.

ऑफिसात हेर ब्रांट (हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत), माझे साहेब, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. "फ्राऊ साठे, जुन्या बॉयलरच्या पाटीवर ऐंशी लिहिलंय. ऐंशी मागवा. मोठ्या बॉयलरबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही."

"केलीय. मफलर घालून."

"जा, जा. सगळ्या खोल्या पाहिल्यात? स्वतःच्या डोळ्यांनी?"

पाहिल्या नव्हत्या. एका दारापाशी अनुजा म्हणाली होती, "आत खूप पसारा आहे हो काकू," आणि मी लगेच "असू दे, असू दे" म्हणून मागे फिरले होते. चाळीस वर्षं जर्मनीत काढली, पण मराठी बाईने पसारा म्हटला की माझे पाय आपोआप वळतात. हेर ब्रांट सरळ आत घुसले असते. उद्धट माणूस, पण हिशेब चुकला नसता.

दुसऱ्या दिवशी दार उघडायला लावलं. गाद्या, सूटकेसा, गणपतीचं मखर आणि मागे आणखी तीन रेडिएटर. एकूण सदतीस किलोवॉट. बॉयलर पन्नासचा. चाळीसचा मागवला असता तर अप्पा नक्की विमानात बसले असते, आणि बहुधा मीही.

आता अप्पा. "पन्नास? निम्मा? माझी थट्टा करताय?"

"अप्पा, तुम्ही कुकर लावता?"

"रोज. अनुजा भात चिकट करते."

"अप्पा!" अनुजा म्हणाली.

"लहान कुकर मोठ्या गॅसवर ठेवला तर?"

"शिट्ट्या भराभर होतात. डाळ कच्ची." अप्पा थांबले. "हं."

"तसंच. मोठा बॉयलर घाईघाईत प्रेशर चढवतो. प्रेशर चढलं की आपोआप चालणारा स्विच त्याला बंद करतो. वाफ तुमच्या खोलीपर्यंत पोचायच्या आतच. थंडी वाटली की लोक पुढचा बॉयलर आणखी मोठा घेतात."

"म्हणजे माझ्या आधीचे सगळे गाढव?"

"मी तसं म्हणत नाही."

"मी म्हणतो. लावा पन्नास."

हेर ब्रांटनी सही केली, पण मला बजावलं, "खोली थंड राहिली, तर फोन तुम्ही उचलायचे."

नवा बॉयलर चालू झाल्यावर मी तीन तास तळघरात बसून राहिले. तो न थांबता संथ जळत होता. पाइप कटकट करत होते, मग शांत झाले. मी वर अप्पांच्या खोलीत गेले. रेडिएटरला हात लावला आणि पटकन काढून घेतला. अप्पा गंजिफ्रॉकवर बसून पेपर वाचत होते. बॅग पलंगाखाली रिकामी होती.

"तिकीट रद्द केलं," ते म्हणाले. "पण जरा जास्तच गरम होतंय हो."

हेर ब्रांट आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, आमची कंपनी आधी रेडिएटर मोजते. मोठा बॉयलर बसवणाऱ्याला कोणी दोष देत नाही आणि बरोबर बसवणाऱ्याचं श्रेय साहेब घेतो. मोजायचं तरीही, कारण वरच्या खोलीत गारठतं तिसरंच कोणीतरी.